निनावी अर्जाखालची पडताळणी

काशिनाथ,

तू गेल्याचं मला मासळीवालीकडून कळलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेरा दिवस झाले तरी तो राग गेलेला नाही. सकाळी तिने दारात टोपली उतरवली आणि बांगडे दाखवायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "जजसायेब गेलं ना वो. तुमाला न्हाय सांगला कुनी?" मला कोणीच सांगितलं नव्हतं. वहिनींनी पहिला फोन मेधाला केला होता. माझ्या मुलीला! ती तशीच स्कूटर काढून तुमच्याकडे धावली आणि बापाला सांगायचं राहून गेलं. मी पोचलो तेव्हा तुझी ओटी माणसांनी भरली होती, मला चपला काढायलासुद्धा जागा शोधावी लागली. पंचेचाळीस वर्षांची मैत्री माझी, आणि उभा कुठे, तर तुळशीच्या पलीकडे, गॅसच्या एजन्सीवाल्याच्या शेजारी.

आता गावभर तुझे फलक लागलेत. गरिबांचे वकील, कर्तव्यदक्ष नगराध्यक्ष, निःस्पृह न्यायाधीश. एका माणसाला तीन-तीन बिरुदं. माझ्या दारावरची पाटी अजून तीच, नावापुढे वकील, आणि पुढे काही नाही. मी गेल्यावर फलक लावायची वेळ आली तर रंगाऱ्याला काम कमी पडेल.

पण हे लिहायला बसलोय ते फलकांसाठी नाही. काल आपल्या कोर्टात तुझी शोकसभा झाली. तिथे मी जे बोललो ते बारच्या शोकप्रस्तावात येणार नाही, आणि तिथे मला जे ऐकावं लागलं तेही येणार नाही. ते तुला माझ्याच तोंडून कळावं असं वाटतं. तुला ते आधीच माहीत होतं, ही गोष्ट वेगळी.

तुझा हेवा मी पहिल्या दिवसापासून करत आलो. तू आमच्या अण्णांच्या ऑफिसात आलास तो मिठागरावरून सायकल मारत आलास. पायाच्या नखांत मीठ, अंगावर कोणाचा तरी जुना कोट. वडील मिठागरात राबणारे, घरात शाळेबाहेरचं पुस्तक नाही. माझ्या घरी भिंतीला टेकून निकालांचे खंड उभे होते, वडील अण्णा तालुक्यातले नावाजलेले वकील, आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा. शर्यत लावायची असती तर कोणीही माझ्यावर लावली असती. अण्णांनी तुला विचारलं, "वकिली कशासाठी करायची?" तू म्हणालास, "आमच्या मान्सांना कोर्टात बोलाला भीती वाटते, अन्ना. मना न्हाय वाटत." अण्णा हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे प्रकरण आपल्याला जड जाणार आहे.

पुढे अण्णा पक्षकारांना सांगायचे, "कागद विनायक करील, उलटतपासणी काशिनाथ घेईल." त्यांच्या लेखी ही नुसती कामाची वाटणी होती. मला मात्र तो निकाल वाटायचा. कागद मी खरंच चांगले करायचो. परिच्छेदांना आकडे, डावीकडे चार बोटं समास, एक खाडाखोड नाही. पण कागदाला टाळ्या पडत नाहीत. खारजमिनीच्या बांधाचा तो खटला आठव. समोरचा साक्षीदार छातीठोकपणे सांगत होता की बांध आपल्या पक्षकाराने फोडला, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हा खाडीचं पाणी बांधाच्या डोक्यावरून वाहत होतं. मी वीस पानांचा युक्तिवाद लिहून आणला होता. तू उठलास, हातात कागद नाही, आणि त्याला विचारलंस, "त्या दिवशी तिथी कनची होती?" त्याने अष्टमी सांगितली. "मंग भरती उधानाची का भांगाची?" साक्षीदार आपल्या वकिलाकडे बघू लागला. अष्टमीला भांगाची भरती, पाणी जेमतेम बांधाच्या पायाशी येतं, हे कोर्टात बसलेल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. फक्त मला सुचलं नव्हतं. माझी वीस पानं तशीच घडी करून घरी आली.

आणि अण्णांचं शेवटचं आजारपण. मी त्यांना भात भरवायचो आणि ते मला तुझ्या नावाने हाक मारायचे. "काशिनाथ, पाणी दे." मी पाणी द्यायचो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं, आणि तुझ्या चांगुलपणाचा आणखी एक नमुना मला बघावा लागला असता.

मग आली ती 'ना हरकत'. पक्षकाराला वकील बदलायचा असला की जुन्या वकिलाने नव्या वकीलपत्रावर 'हरकत नाही' असं लिहून सही करायची, ही आपल्या धंद्याची रीत. बाकीचे वकील त्यासाठी कारकुनाला पाठवतात. तू स्वतः यायचास. समोर बसायचास, चहा घ्यायचास, इकडचं तिकडचं बोलायचास आणि मग खालच्या आवाजात म्हणायचास, "विन्या, त्या म्हातारीचा कागद हाय. ती घाबरते तुला, म्हनून मी आलो." मी सही करायचो. लोक माझ्या डोळ्यांदेखत तुझ्याकडे चालले होते आणि वर तू माझा चहा पीत होतास. तू उद्धट असतास तर किती बरं झालं असतं. सरळ वैर धरता आलं असतं. तू शेवटचा घोट घेऊन म्हणायचास, "चहा भारी झालाय," आणि मी नाइलाजाने अर्धा कप आणखी मागवायचो.

नगराध्यक्ष झालास तेव्हा मात्र मी तोंडभर पेढे खाल्ले आणि घरी येऊन आडवा झालो. मेधाची आई तेव्हा होती, ती म्हणाली, "पित्त झालंय." पित्तच ते. अपक्ष उभा राहिलास, ना गाडी ना झेंडा, आणि निवडून आलास. सकाळी पँट दुमडून गटाराच्या कडेला उभा असायचास, मुकादमाला आगरी बोलीत शिव्या द्यायचास, आणि साडेदहाला काळा कोट चढवून कोर्टात. नगरपरिषदेचे कागद करायचं काम तू मला दिलंस. म्हणजे भाषणं तुझी आणि नोटिसा माझ्या. त्यातली एक नोटीस तुझ्या मेव्हण्यावर होती. मासळी बाजाराच्या वाटेवर त्याने दुकानाच्या पायऱ्या पुढे ओढल्या होत्या. मी तुला विचारलं, "ही पाठवायची?" तू म्हणालास, "पयली तीच पाठव." पायऱ्या तोडताना तू स्वतः तिथे उभा राहिलास. वहिनी मला म्हणाल्या, "माझं माहेर तोडलं तुमच्या मित्रानं. तुम्हीच कागद केलात ना? तुम्हाला तरी अक्कल होती का?" पुढची दिवाळी त्यांनी माहेराविना काढली.

हे सगळं मी मुद्दाम लिहितोय. पुढे मी जे केलं ते करताना मला हे माहीत होतं, एवढं नोंदलं जावं म्हणून.

वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश निवडायचे होते तेव्हा आपण दोघांनी अर्ज भरला. रेवसहून एकाच लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून परीक्षेला गेलो. धक्क्यावर तू मला अर्धा वडापाव दिलास. लेखी परीक्षेत दोघंही पास झालो. मुलाखतीत मी पडलो. मला विचारलं, न्यायाधीश का व्हायचंय? मी चांगलं दहा मिनिटांचं उत्तर तयार करून गेलो होतो, ते मी पाठ म्हटलं. तू काय सांगितलंस ते मी कधी विचारलं नाही. तुझी निवड झाली. तू माझ्या ऑफिसात येऊन खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "तुझी व्हायला हवी होती रे. तू माझ्यापेक्षा शिकलेला हाय." हे वाक्य तू बोलला नसतास तर कदाचित मी ते केलं नसतं. दया दाखवलीस म्हणून मी पेटलो. निदान इतकी वर्षं मी स्वतःला तसं सांगत आलो. खरं सांगायचं तर मी त्याआधीच पेटलेला होतो, निमित्त काहीही चाललं असतं.

नेमणुकीचा हुकूम निघायच्या आत मी तुझ्याविरुद्ध वर, हायकोर्टाकडे, निनावी अर्ज केला. नगराध्यक्ष असताना मेव्हण्याचं बेकायदा बांधकाम पाठीशी घातलं, नोटीस दडपली, आणि असंच बरंच काही. ज्या नोटिशीचा मसुदा माझ्या हातचा होता, ती निघालीच नाही असं मी लिहिलं. काळजी किती घेतली म्हणतोस! माझ्या ऑफिसातलं टंकलेखन यंत्र वापरलं नाही. मांडव्याहून मुंबईला गेलो, तिकडच्या एका कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टंकलेखकाला मजकूर सांगितला, पाकिटावर पत्ता त्याच्याकडूनच घातला, आणि तिथल्याच पेटीत टाकलं. एखाद्या सराईतालाही इतकं सुचलं नसतं.

परतीच्या बोटीत कार्बनची प्रत वाचायला घेतली. सात परिच्छेद, आकड्यांनिशी. आणि सातव्याखाली, ओळ सोडून, हे: "परिच्छेद एक ते चार यांतील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे व पाच ते सात यांतील मजकूर मला मिळालेल्या माहितीवरून खरा असून त्यात मी काहीही लपवून ठेवलेले नाही." खाली सहीची रेघ. रेघेवर कोणी नाही.

पडताळणी, काशिनाथ! निनावी अर्जाला मी पडताळणी घातली! वीस वर्षं प्रत्येक दाव्याखाली, प्रत्येक अर्जाखाली जी ओळ सांगत आलो, ती झाडाखाली उभ्या उभ्या तोंडातून निघून गेली. आणि ते 'काहीही लपवून ठेवलेले नाही' हे शेपूट या जिल्ह्यात फक्त आमच्या अण्णांच्या ऑफिसातून निघणाऱ्या कागदांना असायचं. दुसरा कोणी वकील ते घालत नाही. ती प्रत मी फाडून समुद्रात टाकली. शेजारी बसलेल्या बाईने मला दटावलं, "कचरा पाण्यात नका टाकू." मी तिची माफी मागितली. त्या प्रकरणात मी मागितलेली माफी ती एवढीच.

चौकशी लागली. वरून एक न्यायाधीश आले, बारच्या खोलीत बसून त्यांनी जुन्या वकिलांना एकेक करून बोलावलं, अर्ज समोर ठेवला आणि जबाब घेतले. त्या दिवशी मी सकाळचीच एसटी पकडून मुरुडला एका लग्नाला गेलो. ज्याच्याशी माझी धड ओळखही नव्हती अशा पक्षकाराच्या भाच्याचं लग्न. मी तिथे दोनदा जेवलो. तुझ्याविरुद्ध काहीच सापडलं नाही, सापडणार कुठून? नोटिशीची प्रत नगरपरिषदेत होतीच. पण त्यात दीड वर्ष गेलं. तुझ्याबरोबर निवडलेले पुढे निघून गेले आणि नोकरीभर तू त्यांच्या खाली राहिलास. जिथून निवृत्त व्हायला हवं होतंस त्याच्या एक पायरी अलीकडे निवृत्त झालास. वहिनी एकदा त्यावरून चिडल्या तर तू म्हणालास, "खालच्या बाकावरून पन सगला दिसतो." मी समोर बसून पोहे खात होतो.

हुकूम आल्यावर तू पुन्हा माझ्या ऑफिसात आलास. या वेळी तुझ्या हातात एक नाही, गठ्ठा होता. तुझ्या सगळ्या चालू खटल्यांची वकीलपत्रं, माझ्या नावाची, आणि प्रत्येकावर तुझ्या अक्षरात 'हरकत नाही' आणि सही. पक्षकारांना तूच समजावून आला होतास. "सगली तुझ्याकडं," म्हणालास. मी म्हटलं, "इस्माईलभाई आपल्याहून जुने वकील, त्यांना दे काही." तू मान हलवलीस. मेधाचं शिक्षण त्या गठ्ठ्यावर झालं, काशिनाथ. आणि मी काय म्हणत होतो मनात? उष्टं ताट सरकवतोय माझ्याकडे. हे असं आहे माझं. दिलंस तरी राग, नाही दिलंस तरी राग.

निवृत्त होऊन तू गावी परतलास आणि आपले रविवार सुरू झाले. तुझी ओटी, तू झोपाळ्यावर, मी खुर्चीत, वहिनींचा चहा. भांडायला विषय लागतो म्हणून आपण निकाल वाचून भांडायचो. पण एक वाद तू पुन्हा पुन्हा उकरून काढायचास. निनावी अर्ज वाचावा की नाही? मी म्हणायचो, सरळ केराच्या टोपलीत टाकावा. ज्याला सही करायची हिंमत नाही त्याचं काय ऐकायचं? मी किती पोटतिडकीने बोलायचो! तू झोपाळा पायाने थांबवायचास. "न्हाय रे. वाचावा. नाव नसला म्हनून दुखना खोटा नसतो. कुठं दुखतंय ते तरी कलतं." मी म्हणायचो, दुखतंय म्हणून खोटं लिहायचं का? तू म्हणायचास, "ते खोटा हाय हे धरून पन वाचावा."

मला वाटायचं हा न्यायाधीशकीचा माज आहे. तू गेलास त्याच्या आधीच्या रविवारीसुद्धा हाच वाद झाला. मी तणतणत उठलो, चपला घातल्या. तू म्हणालास, "बस ना, चहा येतोय." मी थांबलो नाही. पुढच्या रविवारी संपवू म्हणून तो वाद तसाच ठेवून आलो.

मेधाचंही इथेच सांगतो. तिला न्यायाधीश व्हायचंय. घरात बाप चाळीस वर्षं वकिली केलेला, आणि ती अभ्यासाला जायची तुझ्याकडे. रोज संध्याकाळी. आल्यावर जेवताना 'काका म्हणतात' सुरू. काका म्हणतात निकाल लिहिताना हरणाऱ्या माणसासाठी लिहायचा. काका म्हणतात जिंकणारा वाचतच नाही. मी म्हटलं, "तुझ्या बापालाही कागद येतो थोडाफार." ती म्हणाली, "काका तेच म्हणतात, लिहायला बाबांकडून शिक." तुझं ते प्रशस्तिपत्रकही मला तिच्या तोंडून घ्यावं लागलं. आधी बाप नेलास, मग मुलगी. माझ्या घरातलं तुला न आवडलेलं असं मीच तेवढा उरलो होतो, असं मला वाटायचं.

आता कालचं.

कोर्टाचं काम बंद ठेवून साडेदहाला सभा होती. न्यायाधीश बाई मंचावर, वकील सगळे आपापल्या जागी, मागच्या बाकांवर तुझे जुने पक्षकार, मिठागरांकडचे, कोळीवाड्यातले. वहिनी पुढे खुर्चीत, शेजारी मेधा. आपल्या बारमध्ये कोणीही गेलं की शोकप्रस्ताव मी लिहितो, तसा तुझाही लिहिला होता. छान जमला होता. तो खिशात होता. इस्माईलभाईंनी माझं नाव पुकारलं. वयाने सगळ्यांत मोठे म्हणून हल्ली सगळ्या सभा तेच चालवतात.

मी कागद काढला, उलगडला. पहिल्या ओळीत 'निष्कलंक चारित्र्य' होतं. माझाच शब्द. तो मला वाचता येईना. मेधा माझ्याकडे बघत होती. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा. उद्या ती खुर्चीवर बसेल, कोणीतरी तिच्याविरुद्ध असाच कागद वर पाठवेल, आणि मी घरी बसून त्या माणसाला शिव्या देईन. वाक्य सुरू केलं ते दुसरंच सुरू झालं.

"काशिनाथच्या नेमणुकीच्या वेळी एक निनावी अर्ज गेला होता. तो मी केला होता. त्यातलं अक्षर न् अक्षर खोटं होतं. मी ते जळफळाटातून केलं. त्याची दीड वर्षं मी खाल्ली. मी त्याला हे कधी सांगितलं नाही."

आणि मी उभाच राहिलो. शोकसभेत कोणी प्रश्न विचारत नाही, त्यामुळे कोणी विचारला नाही. न्यायाधीश बाई या गावात नवीन, त्या गोंधळून इस्माईलभाईंकडे बघू लागल्या. मागे एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, "काय बोलला वकील?" मी वाट बघत होतो, काशिनाथ. कोणीतरी शिवी घालेल, वहिनी उठून जातील, निदान कोणीतरी मान वळवेल. वहिनी पदराने चष्मा पुसत होत्या. सगळे वकील खाली बघत होते, आणि त्या खाली बघण्यात मला काहीतरी वेगळं दिसलं. ते दचकले नव्हते. ते संकोचले होते.

इस्माईलभाई काठी टेकत माझ्याजवळ आले. "विनायकराव, बसा आता," म्हणाले.

"मी काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. आम्हाला मालूम आहे. तेव्हापासून." ते हळूच बोलत होते, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जात होतं. "त्या चौकशीवाल्या साहेबांनी तो कागद आमच्यासमोर ठेवला. शेवटची ओळ वाचली आणि मी म्हटलं, या अल्लाह, हा तर विनायकरावांचा कागद. सगळ्यांनी ओळखला. मरहूम काशिनाथरावांनी पण. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला गोळा केलं आणि म्हणाले, माझी शपथ आहे, हे विन्याच्या कानावर जाता कामा नये. तो माझ्याकडे यायचा बंद होईल."

बावीस वर्षं. अख्खा बार. ज्यांच्या पोटात कालच्या निकालाची बातमी आज सकाळपर्यंत टिकत नाही, ती माणसं बावीस वर्षं माझ्यासमोर चहा पीत राहिली आणि एकाने तोंड उघडलं नाही. तुझ्या एका शब्दाखातर. माझ्या शब्दाखातर यांतला एकही जण दोन दिवस गप्प बसला नसता, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. तुझी माफी मागायला म्हणून उभा राहिलो होतो, आणि मनात हे!

मग दोन मिनिटं मौन झालं. आणि सभा संपल्यावर पायऱ्या उतरताना लोक काय बोलत होते, ऐकायचंय? "बघा, माणूस कसा होता. सगळं ठाऊक असून ब्र नाही काढला. देवमाणूस." मी माझ्या तोंडाला काळं फासलं आणि लोक तुझं कौतुक करत घरी गेले. माझ्याबद्दल चांगलं सोड, वाईटसुद्धा कोणी बोललं नाही.

वहिनी रिक्षात बसताना एवढंच म्हणाल्या, "रविवारी या." मेधा माझ्याबरोबर चालत आली. माझी मुलगी आता माझ्याशी बोलेल की नाही, या एकाच गोष्टीकडे माझं लक्ष होतं. दारात किल्ली लावताना ती म्हणाली, "काकांनी तुम्हाला एकदाही का विचारलं नाही? दर रविवारी समोर बसायचात तुम्ही."

मी म्हटलं, "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

किल्ली कुलपातच ठेवून तिने विचारलं, "खोटं बोलला असतात?"

"हो. तुझी शपथ घेऊनसुद्धा बोललो असतो."

ती आत गेली. थोड्या वेळाने तिने दोन ताटं वाढून घेतली आणि आम्ही जेवलो. ताट घेऊन ती खोलीत गेली नाही, माझ्यासमोर बसून जेवली.

रात्रभर माझा निकाल आपोआप लागत गेला, काशिनाथ. तू विचारलं असतंस तर मी तुझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललो असतो, तू ते ओळखलं असतंस, मला ते कळलं असतं, आणि त्यानंतर तुझ्या ओटीची पायरी चढायचं तोंड मला उरलं नसतं. बावीस वर्षं तू मला खोटं बोलायची वेळच येऊ दिली नाहीस. फक्त तेवढा एक वाद दर रविवारी माझ्यापुढे ठेवत राहिलास, माझं मला सांगता यावं म्हणून, आणि मी दर वेळी चपला घालून निघून गेलो.

तुझी वकिली, तुझं नगराध्यक्षपद, तुझी ती खुर्ची, सगळ्याचा मी हेवा केला आणि खरं सांगायचं तर त्यांतलं थोडंफार मलाही जमलं असतं. हे जमलं नसतं. माझ्याविरुद्ध एखाद्या मित्राने असं केलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभा राहिलो असतो, त्याच्याकडून कबूल करून घेतलं असतं आणि तो मित्र कायमचा गमावून घरी आलो असतो.